यांच्या संकल्पनेतून

बागेतल्या बाकड्याच्या पाठीवर कुणाचं तरी नाव असतं आणि नावापुढे लिहिलेलं असतं, ‘यांच्या संकल्पनेतून व विकासनिधीतून’. निधीचं समजू शकतो. पण बाकड्याची संकल्पना? चार पाय, बसायला फळ्या, टेकायला पाठ. ही गोष्ट जगात पहिल्यांदा आपल्याच प्रभागात सुचली, असं मानायला मन धजत नाही. तरी महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहरात फिरून पाहा. बसथांबा, व्यायामाची साधनं, ज्येष्ठांचा कट्टा, कारंजं, इतकंच काय स्वच्छतागृहसुद्धा कुणाच्या ना कुणाच्या संकल्पनेतून साकारलेलं असतं. ‘साकारलेलं’ हे क्रियापदही ठरलेलं. पाटीवर कुणी काही बांधत नाही, सगळं साकारतं.

या पाट्यांची टिंगल करणं सोपं आहे आणि ती सगळेच करतात. मला मात्र त्या वाचताना वेगळीच शंका येते. पाटीवरची ही मराठी आणि आपली रोजची बोलायची मराठी एकमेकींच्या ओळखीच्या आहेत का? कारण बोलताना मराठी माणूस कल्पनेला असा मालक लावत नाही. लावलाच तर बहुतेक वेळा फिर्याद म्हणून.

“हे डोकं कुणाचं?” हा प्रश्न घ्या. तो दोन सुरांत विचारता येतो. एका सुरात कौतुक असतं, दुसऱ्यात आरोपीचा शोध. दुसरा सूर कितीतरी जास्त वेळा कानावर पडतो. रस्त्याचा दुभाजक एका रात्रीत सरकवला, अर्जात एकच माहिती तीन ठिकाणी भरायला लावली, लग्नात आहेराची रांग आणि जेवणाची रांग एकाच दारातून काढली, की कुणीतरी म्हणतंच, “कुणाच्या सुपीक डोक्यातून निघालं हे?” ‘सुपीक’ हे जमिनीचं विशेषण शेतात स्तुती असतं, डोक्याला लागलं की शिवी होते. याउलट एखादी गोष्ट खरोखर सोयीची निघाली, तर ती कुणाला सुचली असेल हे विचारायचं कुणाच्या मनातही येत नाही. ती जणू तिथे होतीच.

डोक्यातून निघणाऱ्या मालाला आपल्याकडे नावं मात्र भरपूर. कल्पना, युक्ती, शक्कल, क्लृप्ती, टूम, हिकमत, बेत, खूळ. शब्दकोशात यातली अर्धी एकमेकांचे अर्थ म्हणून दिलेली असतात. त्यांच्यातला खरा फरक कळतो तो त्यांच्या क्रियापदांवरून. युक्ती योजावी किंवा काढावी लागते. शक्कल लढवावी लागते, म्हणजे समोर कुणीतरी प्रतिपक्ष हवा, निदान अडचण तरी हवी. बेत आखतात, पण तोच चोरटा असेल तर तो शिजतो. खूळ डोक्यात घेतात किंवा शिरतं. आणि टूम निघते. ती कोण काढतं हे सांगितलं जातं, पण सांगणारा नेहमी दुसराच असतो. “मी एक टूम काढली आहे” असं म्हणणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. आपली ती कल्पना आणि शेजाऱ्याची ती टूम, असा हा सरळ हिशोब आहे.

‘आयडिया’ आली आणि तिने यातल्या बऱ्याच जणींचं काम हलकं केलं. आयडिया सुचते, आयडिया येते, आयडिया लढवताही येते आणि ‘आयडिया केली’ म्हटलं की त्यात थोडीशी लबाडी, थोडासा हातचलाखीचा वास येतो. मला ती आवडते. परक्या घरून आली, पण सासरची सगळी क्रियापदं शिकली.

‘कल्पना’ या शब्दाची मात्र गंमत वेगळी आहे. नवनिर्मितीसाठी तो वापरायचा हे शाळेत शिकवतात, पण दिवसभरात तो आपण वापरतो तो बहुतांशी भलत्याच कामासाठी. “मला कल्पना नाही” म्हणजे मला माहीत नाही. “त्यांना आधी कल्पना देऊन ठेवा” म्हणजे कळवून ठेवा. “थोडीफार कल्पना होती” म्हणजे कुणकुण लागली होती. ऑफिसात दिवसातून दहा वेळा कल्पना दिली-घेतली जाते आणि त्यात कल्पकता औषधालाही नसते. (एका पिढीत ते मुलींचं लाडकं नाव होतं. त्या वर्गांमधून हजेरी घेताना “कल्पना नाही” हे उत्तर बाईंनी कसं ऐकलं असेल कोण जाणे.)

आणि खरोखर नवीन काही डोक्यात आलं, तर आपण काय म्हणतो? “मला सुचलं.”

या दोन शब्दांपाशी मी बराच वेळ थांबतो. ‘मी सुचलो’ नाही, ‘मी सुचवलं’ तर नाहीच, कारण सुचवणं म्हणजे दुसऱ्याला सांगणं. ‘मला सुचलं’. भूक लागते, थंडी वाजते, राग येतो, आठवण होते, आणि सुचतं. या सगळ्या वाक्यांत माणूस ‘मला’ होऊन एका बाजूला उभा असतो आणि जे घडायचं ते त्याच्यापाशी चालत येतं. कर्ता ती गोष्ट असते. मराठीच्या व्याकरणात कल्पना करताही येते, पण “मी कल्पना केली” म्हटलं की अर्थ बदलतो. मग ती नुसती मनातली मांडणी असते, “कल्पना कर, तू तिथे असतास तर…” या जातीची. नवं काही हाताला लागलं की आपण मुकाट ‘मला’कडे वळतो. लिहिणाऱ्याला चार ओळी सुचतात, गाणाऱ्याला चाल सुचते, आणि घाबरलेल्याला काही सुचेनासं होतं. तिन्हींचं क्रियापद एकच. ते आपल्या हातात नाही, हे तिन्हींत गृहीत.

याच ‘सुचण्या’च्या गोत्रातला एक शब्द सरकारी कपडे घालून सभांच्या इतिवृत्तात बसलेला असतो. प्रत्येक ठरावाखाली दोन नावं: सूचक आणि अनुमोदक. मग ‘ठराव सर्वानुमते मंजूर’. ज्यांनी कधी सोसायटीची किंवा मंडळाची वार्षिक सभा लिहून काढली आहे, त्यांना या दोन ओळी कशा भरल्या जातात हे ठाऊक आहे. सभा संपते, चहा होतो, सेक्रेटरी वही घेऊन बसतो आणि हजर असलेल्यांपैकी दोन नावं त्या रिकाम्या जागेत बसवतो. मागच्या ठरावाला ज्याचं नाव सूचक म्हणून होतं, त्याला या ठरावाला अनुमोदक करतो, म्हणजे कुणाला वाईट वाटायला नको. प्रत्यक्षात ते कुणाला सुचलं होतं, हे वहीत येत नाही. येण्याची गरजही कुणाला वाटत नाही.

आमच्या सोसायटीच्या वर्धापनदिनाला एका वर्षी पावसाच्या गाण्यांचा कार्यक्रम ठरला. असे कार्यक्रम पैशाला पासरी होतात. त्या दिवशी जिन्यात गप्पा चाललेल्या असताना दुसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, “पावसाची गाणी सगळेच म्हणतात हो. पाऊस आलाय, भिजलोय, नाचतोय. पाऊस न आल्याची गाणी घ्या ना. जून संपत आलाय, आभाळ नुसतं भरून येतंय, त्या दिवसांतली.” एवढं बोलून त्या भाजीची पिशवी उचलून वर गेल्या. त्या वाक्याने कार्यक्रम बदलून गेला. विरहाची, वाट पाहण्याची, पेरणी खोळंबल्याची गाणी एकत्र आली, निवेदनाला धागा मिळाला, आणि शेवटच्या गाण्यात एकदाचा पाऊस पडला. लोक अजून त्या कार्यक्रमाची आठवण काढतात.

निमंत्रणपत्रिकेचा नमुना ग्रुपवर आला तेव्हा त्यात छापलं होतं, ‘संकल्पना व निवेदन’, आणि पुढे समितीतल्या एका सद्गृहस्थांचं नाव. त्यांनी मेहनत केली होती. गाणी निवडली, वादक जमवले, निवेदन लिहिलं. मी काकूंना गाठून म्हटलं, “अहो, ही कल्पना तुमची होती. सांगू का त्यांना?” काकू मनापासून दचकल्या. म्हणाल्या, “छे छे, भलतंच काय! संकल्पना त्यांचीच. मला आपलं सुचलं.”

मला आपलं सुचलं. त्या ‘आपलं’ने तर उरलेलाही हक्क सोडून दिला. त्यांच्या डोक्यात हिशोब स्वच्छ होता. कागद, पेन, बैठका, जबाबदारी ज्याची त्याची संकल्पना. जिन्यात, हातात पिशवी असताना आलेलं ते सुचणं. सुचण्याला कोण सही करतं? मी गप्प बसलो, पण ते मला पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. बायकांना ‘सुचतं’ आणि पुरुषांची ‘संकल्पना’ असते, अशी वाटणी मी त्यानंतर इतक्या ठिकाणी पाहिली की ती निव्वळ काकूंच्या स्वभावावर ढकलता येत नाही.

पण ‘संकल्पना’ या शब्दाला तरी एवढा अधिकार कुठून आला, म्हणून मागे जाऊन पाहावं, तर तिथे काहीतरी भलतंच सापडतं. संस्कृतात ‘कॢप्’ असा धातू आहे. जुळणं, जमणं, योग्य होणं, रचणं असा त्याचा अर्थ. कल्पना, संकल्प, विकल्प, क्लृप्ती ही सगळी त्याचीच मंडळी. आता त्याच घरातल्या इतर दोघी पाहा. ‘कल्पनी’ म्हणजे कात्री. आणि अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात ‘कल्पना’ हा शब्द येतो तो हत्तीला सजवण्याच्या क्रियेसाठी. झूल घालणं, साज चढवणं, मिरवणुकीसाठी त्याला तयार करणं, ही ‘कल्पना’.

हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं. म्हणजे मुळात कल्पनेत शून्यातून काही काढणं नव्हतंच. हत्ती आधीच दारात उभा आहे. तो कुणी निर्माण केला हा प्रश्न तुम्हाला कुणी विचारलेला नाही. तुम्ही त्याच्यावर झूल कशी घातली, कुठल्या रंगाची, कुठे कापून, कुठे जोडून, एवढंच तुमचं. कात्री आणि झूल. पावसाची गाणी हा हत्ती होता, गावात सगळ्यांच्या दारात उभा असलेला. ‘पाऊस न आल्याची’ ही काकूंची कात्री. त्या हिशोबाने तर कल्पना शंभर टक्के त्यांची ठरते.

आणि संकल्प? तो तर आपण सगळ्यांनी केलेला आहे. पूजेला बसलं की गुरुजी उजव्या तळहातावर पळीभर पाणी देतात, मग कुठला देश, गोदावरीचा कुठला तीर, कुठला संवत्सर, कुठली तिथी, यजमानाचं गोत्र, यजमानाचं नाव, असं करत करत नेमका पत्ता गाठतात आणि “सोडा” म्हणतात. पाणी ताम्हनात पडतं. संकल्प ‘सोडतात’. या सगळ्यात यजमानाने पूजा शोधून काढली असा कुणाचाच दावा नसतो. मंत्रही त्याचे नाहीत, म्हणणाराही तो नाही. त्याने फक्त जाहीर केलेलं असतं की मी, अमुक गोत्राचा, अमुक ठिकाणी हे काम करवून घेतो आहे.

हे लक्षात आल्यावर बागेतल्या बाकड्याचा मला उलगडा झाला. पाटीवर ‘संकल्पना’ लिहिलेली असते, पण अर्थ ‘संकल्प’ असा असतो. प्रभागाचा यजमान नाव, पद आणि वर्ष उच्चारून पाणी सोडतो आहे. निधी जनतेचा, मंत्र ठेकेदाराचा. तशी वाचली की ती पाटी अजिबात हास्यास्पद वाटत नाही, फक्त एक ‘ना’ जास्त पडलेला दिसतो.

हत्ती आणि झूल यांतला हा भेद कोर्टातही जाऊन आलेला आहे, अर्थात या शब्दांत नाही. आर. जी. आनंद हे व्यवसायाने वास्तुरचनाकार आणि शिवाय नाटककार. त्यांनी १९५० च्या दशकात ‘हम हिंदुस्तानी’ नावाचं नाटक लिहिलं, ते रंगभूमीवर गाजलं. विषय प्रांतभेदाचा: दोन प्रांतांतली कुटुंबं, त्यांच्या मुलामुलीचं प्रेम, आणि आईबापांचा विरोध. एका चित्रपट दिग्दर्शकाने त्यांच्याकडून नाटक समजून घेतलं. पुढे काही निरोप आला नाही. मग १९५६ साली त्याच दिग्दर्शकाचा ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट आला आणि आनंदांना वाटलं, हे तर आपलंच. खटला खालच्या कोर्टापासून चढत चढत सर्वोच्च न्यायालयात गेला आणि निकाल लागला १९७८ मध्ये. आनंद हरले. न्यायालयाने म्हटलं की कल्पना, विषय, कथासूत्र, ऐतिहासिक किंवा पौराणिक गोष्टी यांच्यावर कुणाचा कॉपीराइट असू शकत नाही. तो असतो त्या कल्पनेच्या मांडणीवर, तिला दिलेल्या रूपावर. दोन्ही कृती पाहणाऱ्या सामान्य प्रेक्षकाला दुसरी ही पहिलीची नक्कल आहे असं ठामपणे वाटलं, तरच चोरी. नुसता विषय एक असून भागत नाही. आजही भारतात असा वाद उभा राहिला की वकील आधी हा निकाल काढतात.

हा निकाल मला योग्यच वाटतो. प्रांतभेदावर एकाच माणसाने नाटक लिहायचं आणि बाकीच्यांनी त्याच्या परवानगीला ताटकळायचं, असं झालं असतं तर लिहिणं बंदच पडलं असतं. हत्ती सगळ्यांचा राहिला पाहिजे. तरीपण समोर बसून आपलं नाटक आस्थेने समजावून सांगणारा तो माणूस डोळ्यांपुढून जात नाही. कायदा जे देत नाही, ते एका ओळीच्या श्रेयाने देता येतं. ‘मूळ कल्पना’ असं लिहायला कुठल्याच कायद्याची ना नाही. तेवढी एक ओळ छापायला लोकांना इतकं जड का जातं, हे मात्र मला अजून उमगलेलं नाही.

नाव टिकलं अशीही उदाहरणं आहेत. त्यातलं माझं आवडतं उदाहरण कलेतलं नाहीच. नोकरदारांनी आपली पगाराची पावती काढावी. कपातीच्या रकान्यात ‘पी.टी.’ किंवा ‘व्यवसाय कर’ अशी नोंद असते. बहुतेकांच्या पावतीवर २०० रुपये, आणि फेब्रुवारीत ३००. हा कर महाराष्ट्रात १९७५ मध्ये आला तो एका माणसाच्या कल्पनेला पैसा पुरवण्यासाठी. तो माणूस म्हणजे वि. स. पागे. १९६० ते १९७८ अशी अठरा वर्षं ते विधान परिषदेचे सभापती होते, आणि रोजगार हमी योजनेचे जनक म्हणून ओळखले जातात. ‘जनक’ हा शब्द इथे वापरतात आणि तो शोभतो.

दुष्काळी कामं काही पाग्यांनी शोधलेली नाहीत. दुष्काळ पडला की सरकारने खडी फोडायची, रस्त्याची कामं काढायची, ही पद्धत इंग्रजांच्या काळापासून होती. हत्ती जुनाच होता. पाग्यांनी फिरवली ती कात्री एवढीच की काम सरकार देईल तेव्हा नाही, तर मजूर मागेल तेव्हा. ‘मागेल त्याला काम’. तीन शब्द, पण त्यांनी सगळी दिशा उलटी केली. आतापर्यंत दुष्काळ जाहीर करायचा की नाही हे कचेरी ठरवत होती. आता दारात उभा राहिलेला माणूस ठरवणार. १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात या योजनेचा प्रयोग झाला, १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर कामाला आली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता. २००५ मध्ये केंद्राने देशासाठी कायदा केला तेव्हा हे पंधरा दिवस तसेच्या तसे तिकडे गेले. पागे तोवर हयात नव्हते. कल्पना त्यांच्याशिवाय दिल्लीला पोचली.

संस्कृत काव्यशास्त्रकार राजशेखराने प्रतिभेचे दोन प्रकार सांगितलेत: कारयित्री, म्हणजे निर्माण करणारी, आणि भावयित्री, म्हणजे दुसऱ्याने निर्माण केलेलं ओळखणारी. तो बोलतो कवी आणि रसिकाविषयी. पण सभागृहातही दुसरी प्रतिभा लागतेच. मजुराच्या मागणीवर कायदा करायचा म्हणजे सरकारने स्वतःच्या गळ्यात फास घालून घेण्यासारखं होतं. ते करण्याइतके भावयित्रीवाले लोक तेव्हा दोन्ही बाकांवर होते. सगळ्या पक्षांनी या कायद्याला पाठिंबा दिला होता, हे आता सांगताना खोटं वाटतं.

हे सगळं डोक्यात घोळण्याचं कारण खरं तर वर्तमानपत्रात काम करणारी एक मैत्रीण. रात्री दहा वाजता तिचा फोन, “ब्रेनचाइल्डला मराठी शब्द सांग. लवकर. पान सुटायचंय.” मी म्हटलं, मानसपुत्र. ती म्हणाली, “संस्था आहे रे, माणूस नाही.” आणि तिने ‘यांच्या संकल्पनेतून साकारलेली’ लिहून पान सोडून दिलं.

तिची अडचण खरी होती. ‘मानसपुत्र’ मराठीत दोनच ठिकाणी सहज बसतो. एक राजकारणात, जिथे शरद पवारांना यशवंतराव चव्हाणांचे मानसपुत्र म्हटलं गेलं आणि मग तो शब्द वारसदारीच्या प्रत्येक बातमीत फिरू लागला. दुसरं ठिकाण म्हणजे पुस्तकातली पात्रं. फास्टर फेणे हा भा. रा. भागवतांचा मानसपुत्र, चिमणराव हा चिं. वि. जोश्यांचा. इथे तो शब्द अगदी चपखल आहे, कारण ही पोरं खरोखरच मुलांसारखी वागली, म्हणजे बापाच्या ताब्यात राहिली नाहीत. फुरसुंगीचा बनेश फेणे दर पिढीत नव्या नटाचा चेहरा घेऊन ‘ट्टॉक’ करत येतो. चिमणरावाचा चुलतभाऊ गुंड्याभाऊ दूरदर्शनवर बाळ कर्व्यांनी असा काही उभा केला की लोक नटाला नावाने ओळखायचं विसरले.

ज्यांना पहिल्यांदा मानसपुत्र म्हटलं गेलं, त्यांची गोष्टही अशीच आहे. ब्रह्मदेवाने मनातून सनक, सनंदन, सनातन आणि सनत्कुमार हे चार पुत्र उत्पन्न केले आणि त्यांना सांगितलं, प्रजा वाढवा. चौघांनीही साफ नकार दिला. आम्ही असेच राहणार, तप करणार. भागवत पुराण सांगतं की ब्रह्मदेवाला इतका राग आला की तो आवरता आवरता त्याच्या भुवयांमधून रुद्र जन्माला आला. सृष्टीतल्या पहिल्या संकल्पनेने निर्मात्याचं ऐकलं नाही. कुठल्याही लेखकाला, संस्थापकाला किंवा कार्यक्रमाच्या आयोजकाला यात नवल वाटायचं कारण नाही.

मैत्रिणीच्या फोनमधली दुसरी अडचण मला नंतर जाणवली. कल्पना ती, युक्ती ती, शक्कल ती, टूम ती, योजना ती, संस्थाही तीच. मराठीत सुचणारा जवळजवळ सगळा माल स्त्रीलिंगी आहे. आणि त्याला नाव काय, तर मानसपुत्र. ‘मानसकन्या’ शब्द आहे, पण तो वापरताना लोक जरा अवघडतात. जन्म देणाऱ्याचंही तेच. पुरुष ‘जनक’ होतो. स्त्री संस्थापिका होते, प्रणेती होते, फार तर आधारवड. ‘जननी’ हा शब्द या अर्थाने आपण एकाच म्हणीत जिवंत ठेवला आहे, आणि तिथली जननी म्हणजे गरज.

शिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांचं पाहा ना. बालवाडीत गरिबांची मुलं येत नाहीत, कारण त्यांना आणून सोडायला कुणाला सवड नाही. मग बालवाडीनेच उठून त्यांच्या अंगणात जायचं. पाग्यांच्या कात्रीइतकीच छोटी आणि तेवढीच धारदार कात्री. ताराबाईंनी १९४५ पासून बोर्डीला अनुताई वाघांच्या सोबतीने ती चालवली, आणि अंगणात भरणारी ती अंगणवाडी झाली. ताराबाई १९७३ मध्ये गेल्या. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्राची बालविकास योजना सुरू झाली तेव्हा तिने ही कल्पना उचललीच, शिवाय नावही उचललं. आज देशभर, मराठीचा गंधही नसलेल्या गावांतसुद्धा, सरकारी पाटीवर अंगणवाडी हाच शब्द असतो. ‘यांच्या संकल्पनेतून’ त्या पाटीवर नाही. लेखांमधून ताराबाईंचा गौरव होतो तो ‘भारताच्या मॉन्टेसरी’ म्हणून, म्हणजे इटलीतल्या बाईंच्या नावाने. आणि भावनगरला ज्यांच्यासोबत त्यांनी बालशिक्षणाचं काम केलं ते गिजुभाई बधेका? त्यांना गुजरातेत लोक प्रेमाने म्हणतात ‘मूछाळी मा’. मिशा असलेली आई. पदवी सुरेख आहे, गिजुभाई तिला पात्रही होते. पण या सगळ्या शोधात मला भेटलेली एकुलती एक अधिकृत आई तेवढीच, आणि तिलाही मिशा.